बागेतल्या वाटेचं काम 3 ब्रासमध्ये होणार नाही

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती
वाशी, नवी मुंबई

विषय: बागेच्या वाटेवर डीकम्पोज्ड ग्रॅनाइट टाकण्याचा प्रस्ताव व कंत्राटदाराचं एस्टिमेट

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बागेच्या वाटेवरचे पेव्हर ब्लॉक उखडून तिथे आणि गेटच्या काँक्रीटच्या उतारावर, दोन्हीकडे डीकम्पोज्ड ग्रॅनाइट टाकायचं चाललंय, असं नोटीस बोर्डावर वाचलं. आधी माझं मत सांगते: बागेला हो, उताराला नाही.

गेल्या जुलैत शेवाळलेल्या ब्लॉकवरून सासूबाई घसरल्या. मनगटाचं प्लास्टर गणपतीतच निघालं. बकुळीच्या मुळांनी ब्लॉक वर उचललेत, त्यात वॉकरचं पुढचं चाक अडकतं. त्यामुळे ब्लॉक जाणार याचा आनंद आमच्या घरात सगळ्यात जास्त आहे.

डीकम्पोज्ड ग्रॅनाइट हे नाव भारी असलं तरी वस्तू अनोळखी नाही. झिजून ठिसूळ झालेल्या काळ्या दगडाचा आपला मुरूम. हा त्याचा ग्रॅनाइटमधला भाऊ. बारीक खडे, रेती आणि थोडी माती. पाणी मारून दाबलं की आवळून बसतं, आणि पाणी थोडंफार खाली मुरू देतं. कॅलिफोर्नियात बागांमध्ये सर्रास वापरतात. पण लॉस एंजेलिसला वर्षाला जेमतेम पावणेचारशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे जुलैतला एखादा आठवडा तेवढा पाऊस पाडून जातो. गेटच्या उतारावर हा माल टाकला तर पहिल्याच सरीत तो गटारात दिसेल, वर गाड्यांची चाकं आहेतच. तिथे काँक्रीटच राहू द्या.

आता एस्टिमेट. वाट 400 फूट लांब, 5 फूट रुंद, म्हणजे 2000 चौरस फूट. दाबून 3 इंचांचा थर हवा असेल तर 500 घनफूट, म्हणजे 5 ब्रास (100 घनफुटांचा एक ब्रास). सुटा माल दाबल्यावर बसतो, तेव्हा 6 तरी मागवावा लागेल. एस्टिमेटमध्ये 3 लिहिलेत. म्हणजे थर दीड इंचाचा. खालच्या खडीचा तर उल्लेखच नाही! खडीचा दाबून 4 इंचांचा थर धरला तर सुट्या खडीचेच 8 ब्रास होतात.

आणि खडीशिवाय चालणार नाही, कारण आपल्या आवाराखाली भराव आहे आणि भरावाखाली खाडीची चिकणमाती. पाणी मुरून जाणार कुठे? म्हणून 7 इंच खोदून तळ दाबायचा, त्यावर जिओटेक्स्टाईल कापड अंथरायचं, म्हणजे चिखल खडीत वर येत नाही. मग खडी, आणि तिच्यात बागेच्या गटाराला जोडलेला भोकांचा पाइप. माल एकदम ओतायचा नाही. दीड-दीड इंचाचे दोन थर, प्रत्येकाला पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर दाबायचं मशीन, फिरवायचं. दोन्ही कडांना दगडी पट्टी, नाहीतर वाट हळूहळू लॉनमध्ये पसरते. 5 फुटांत सव्वा इंच ढाळ पुरे. बकुळीच्या बुंध्याजवळ मात्र खोदू नका, तिथे वाट थोडी वळवा.

सुटा माल वॉकरला चालणार नाही, त्यात बाइंडर, म्हणजे खडे एकत्र धरणारा पदार्थ, हवाच. यातला एक बाइंडर इसबगोलाचा असतो. हो, आपल्या घरात रात्री कोमट पाण्यातून घेतात तोच! भिजला की फुगून खडे धरून ठेवतो. रेझिनचा प्रकार जास्त घट्ट, पण त्यातून पाणी जवळजवळ मुरतच नाही. मग हा सगळा खटाटोप कशाला?

दरवर्षी पावसानंतर थोडा माल टाकून दाबावं लागेल, तण काढावं लागेल. दोन पोती राखून ठेवावीत. लिफ्टच्या दारापासून 10 फूट शहाबादी फरशीच ठेवा, नाहीतर चपलांबरोबर खडे लॉबीत येतील आणि झाडूवाल्या मावशी आपल्याला बोलतील. काम दिवाळीनंतर सुरू करावं.

अजून एक. ऑफिसातल्या नमुन्याच्या पोत्यातून मूठभर माल घरी नेला होता. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून हलवला आणि रात्रभर ठेवला. सकाळी तळाला खडे, वर रेती आणि त्याच्यावर जवळजवळ निम्म्या उंचीचा मातीचा थर. एवढी माती असेल तर जूनमध्ये चिखल होणार. कंत्राटदाराकडून दुसरा नमुना मागवावा, आणि दुरुस्त एस्टिमेट आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नये, ही विनंती.

बरणी सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली आहे. रविवारच्या मीटिंगपर्यंत कोणी हलवू नये.

आपली,
एक सभासद, बी विंग