त्या एका प्रश्नाबद्दल, मनापासून आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

घटनेतले हक्क माणसांचेच असावेत, कंपन्यांचे नव्हे, आणि निवडणुकीतला पैसा म्हणजे भाषण नव्हे, अशी घटनादुरुस्ती मागणारा तुमचा ठराव आपल्या नगर परिषदेत मंजूर झाल्यावर तुम्हाला इंग्रजीत चार ओळी पाठवल्या होत्या. त्या लिहिताना मनातलं निम्मं मनातच राहिलं, म्हणून हे मराठीत, सगळ्यांसमोर. माझी मुलगी तुम्हाला ते वाचून दाखवेल. पण इथे ओहायोत, तिकडे न्यू जर्सीत आणि पुण्या-नाशकात असलेल्या आमच्या माणसांनीही ते वाचावं, अशी माझी फार इच्छा आहे. तुमचं नाव आणि आपल्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आभार ठरावाचे आहेतच, पण त्याआधी तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नाचे आहेत.

ठरावावरच्या सुनावणीच्या संध्याकाळी बोलायला मिळालेली माझी तीन मिनिटं संपली, घंटी वाजली, आणि महत्त्वाचं तेच सांगायचं राहिलं. कागद घडी करून मी जागेवर जायला निघाले. तेवढ्यात तुम्ही माइक जवळ ओढलात आणि म्हणालात, "थांबा. तुम्ही भारतात कायदा शिकलात असं आत्ता म्हणालात. तिकडे कंपन्यांना माणसांसारखे घटनेतले हक्क आहेत का?" सदस्यानं प्रश्न विचारला की उत्तराला घड्याळ लावत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला ते नंतर कळलं.

मॅडम, मी पुण्यात एलएल.बी. केलं, लग्न होऊन इथे आले, आणि इतक्या वर्षांत या देशात कुणीही मला त्या शिक्षणातलं काही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत आणि हातात पेन घेऊन थांबलात.

मग मी सांगितलं. १९६३ साली आमच्या सर्वोच्च न्यायालयानं स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात ठरवलं की कंपनी ही नागरिक नव्हे, त्यामुळे भाषणस्वातंत्र्यासारखे कलम १९चे हक्क तिला स्वतःच्या नावावर मागता येत नाहीत. कायद्यापुढच्या समानतेचं कलम १४ मात्र तिलाही लागू होतं. भागधारक माणसं आहेत, त्यांचे हक्क त्यांच्याकडे राहतात. आणि त्याच्याही आधी, १९५७ साली, पोलाद बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा हवी होती, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यानं बांधलेले असल्यामुळे परवानगी दिली, पण हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा घोटेल, असा इशाराही निकालातच लिहून ठेवला. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली गेली आणि २०२४च्या फेब्रुवारीत निवडणूक रोख्यांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती काढणंच घटनाबाह्य ठरवलं. आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण माणूस आणि कंपनी यांच्यातली रेघ तिकडे अजून पुसलेली नाही.

तुम्ही ते लिहून घेतलंत. मतदानाआधीच्या तुमच्या भाषणात "आपल्या एका शेजारणीनं सांगितलं" असं म्हणून १९६३ आणि १९५७ ही दोन्ही सालं अचूक सांगितलीत. त्या 'शेजारणीनं'नं माझे डोळे भरून आले. आजही हे लिहिताना तेच होतंय.

कारण याच सभागृहात, काही वर्षांपूर्वी, दुसरे सदस्य बसले होते. मी आणि आणखी काही बायका हाच विषय घेऊन उभ्या होतो. एकजण बोलणं संपेपर्यंत फोनमध्ये बघत होते. दुसरे म्हणाले, आम्ही बर्फ काढतो, खड्डे बुजवतो, राज्यघटनेचं वॉशिंग्टन बघून घेईल. आणि बाहेर पडताना एकानं मला गाठून सांगितलं की आधी आपल्या देशातला भ्रष्टाचार संपवा. मॅडम, माझा देश कुठला, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी तेव्हाच या देशाची नागरिक होते. त्यांना मतही मीच दिलं होतं.

राज्यघटनेशी गावाचा संबंध नाही म्हणणाऱ्यांना मी आजही एकच विचारेन: आपल्या ओहायोत हाऊस बिल ६चं काय झालं? २०१९ साली कायदा झाला, दोन अणुवीज केंद्रांना ग्राहकांच्या बिलातून अब्जाहून अधिक डॉलर द्यायचे ठरले. पुढच्याच वर्षी विधानसभेचे सभापती लॅरी हाऊसहोल्डर यांना अटक झाली. लाचेचे सुमारे सहा कोटी डॉलर एका ना-नफा संस्थेमार्फत फिरले होते. २०२३ मध्ये ज्यूरीनं त्यांना दोषी धरलं आणि २० वर्षांची शिक्षा सुनावली गेली. लाच हा गुन्हा होता, त्याला शिक्षा झाली. पण देणगी कुणी दिली हे न सांगता निवडणुकीत हवा तेवढा पैसा ओतायची अशा संस्थांची वाट मात्र कायद्यानं खुलीच होती, आणि अजून आहे. तिचं बिल घराघरात येतं. खड्ड्यांपेक्षा हे लांबचं कसं?

आमच्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौदावी दुरुस्ती १८६८ची, गुलामीतून सुटलेल्या माणसांना कायद्याचं समान संरक्षण मिळावं म्हणून केलेली. १८८६ साली एका रेल्वे कंपनीच्या करांच्या खटल्यात, निकालपत्रात नव्हे तर त्याच्या वर छापलेल्या सारांशात, कंपन्यांनाही ते संरक्षण लागू असल्याचं नोंदलं गेलं. त्याच नोंदीवर पुढचे निकाल रचले गेले. १९७६ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयात निवडणुकीत पैसा खर्च करणं हा भाषणाचाच भाग ठरला. २१ जानेवारी २०१० रोजी 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी उमेदवाराला थेट न देता कंपन्यांनी करायच्या निवडणूक खर्चावरची बंदीच गेली. हे उलटवायचं तर घटनादुरुस्ती हवी: काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, शिवाय ३८ राज्यांची संमती. काँग्रेसच्या सदस्य प्रमिला जयपाल यांनी तसा प्रस्ताव मांडलेला आहे.

म्हणजे आपल्या गावच्या ठरावानं उद्या सकाळी कायदा बदलत नाही. तुम्ही हे लपवलं नाहीत, उलट सुरुवातीलाच सांगितलंत, आणि तरी ठराव मांडलात. कॅलिफोर्नियातल्या पॉइंट अरेना या काहीशे वस्तीच्या गावानं २००० साली असंच केलं. २०११ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या मतदारांनी आणि लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेनं केलं. आपल्याच राज्यातल्या क्लीव्हलंड हाइट्सच्या लोकांनी २०१३ मध्ये मतपेटीतून नगर परिषदेला बांधून घेतलं, की या विषयावर ठरावीक काळानं जाहीर सुनावणी घ्यायची आणि लोकप्रतिनिधींना पत्र पाठवायचं. आता आपल्या राज्याच्या राजधानीला, कोलंबसला, आणि वॉशिंग्टनला जाणाऱ्या पत्रांत आपल्या गावाचंही एक पत्र आहे.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. तुमच्या एका सहकाऱ्यानं आक्षेप घेतला की मग वर्तमानपत्रांचं काय, चर्चचं काय, त्या बाईंच्या महाराष्ट्र मंडळाचं काय? तीही सगळी नोंदणीकृत कॉर्पोरेशनच आहेत. प्रश्न रास्त होता. आमचं मंडळ खरंच तसं नोंदलेलं आहे. तुम्ही त्यांचं बोलणं मध्ये तोडलं नाहीत. दुरुस्तीचा मसुदा वाचून दाखवलात आणि म्हणालात की मंडळातल्या प्रत्येक माणसाचा हक्क शाबूत राहील, मंडळाला काय सवलती द्यायच्या ते लोक कायद्यानं ठरवतील. त्यांचं समाधान झालं नाही, त्यांनी विरोधात मत दिलं. सभा संपल्यावर तुम्ही आधी त्यांच्याकडे गेलात, हात मिळवलात, त्यांच्या पत्नीच्या तब्येतीची चौकशी केलीत. मी दारातून पाहत होते. ज्याचं मत मिळणार नाही हे नक्की ठाऊक आहे, त्याच्याशीही माणूस इतकं सरळ वागू शकतो, हे मला माझ्या मुलीला दाखवता आलं. तिनं टीव्हीवर दुसरंच राजकारण पाहिलंय. दिवसभर आपापली नोकरी करून रात्री उशिरापर्यंत गावाचं ऐकून घेणारी तुमच्यासारखी माणसं नगर परिषदांमध्ये आहेत, म्हणून लोक अजून उठून बोलायला येतात.

पुढच्या सुनावणीला आमच्या मंडळातल्या चौघीजणी बोलायला येणार आहेत. त्यातल्या एक आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांना इंग्रजीची भीती वाटते. त्या मराठीत बोलतील आणि माझी मुलगी भाषांतर करेल, असं ठरवलंय. चालेल ना? तीन मिनिटांत दोन्ही भाषा बसवायच्या म्हणून दोघींची तालीम सुरू झाली आहे.

तुमची शेजारीण