कानाचं माप कोण घेतं?

प्रिय बंड्या,

तुझा तो सहा रकान्यांचा तक्ता पोचला. दोनदा वाचला. ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारा आतला पडदा) किती मिलिमीटरचा, ब्लूटूथची आवृत्ती कितवी, केससकट, म्हणजे चार्जिंगच्या डबीसकट, किती तास चालतात, कोडेक (आवाज आवळून पाठवायची पद्धत) कोणता, सगळं आहे त्यात. तुझे कान तेवढे राहिले. 'कोणते इअरबड्स घेऊ, एका शब्दात सांग' असं वर लिहिलंयस. मी एका शब्दात आटोपणारा असतो तर तू मला विचारलंच नसतंस. तेव्हा बस जरा निवांत.

माझ्याकडे आत्तापर्यंत तीन जोड्या झाल्या. पहिली जोडी मी तुझ्यासारखाच तक्ता मांडून घेतली होती. सगळ्यात मोठा ड्रायव्हर, सगळ्यांकडून वाहवा. कानात घातली तर आवाज डब्यात दगड खुळखुळावेत तसा. तबला नुसता टिचकी मारल्यासारखा वाजायचा, तंबोरा तर गायबच. दोन महिने मी त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडली. मग एका रात्री, झोप येत नव्हती म्हणून, खोक्यात पडून राहिलेल्या रबरी टिप्स, बडच्या तोंडावर चढवून कानात शिरतात त्या टोप्या, काढल्या आणि मधल्या मापाच्या जागी मोठं माप चढवलं. बंड्या, खोटं नाही सांगत, तंबोरा खोलीत आला! दोन महिने मी अर्धंच गाणं ऐकत होतो आणि शिव्या मात्र पूर्ण देत होतो.

यामागचं कारण साधं आहे. कानाची नळी असते साधारण अडीच सेंटिमीटर लांब. बडमधला पडदा इवलासा. तो खर्जाचे सूर ऐकवू शकतो ते केवळ टिपने कोंडलेल्या त्या चिमूटभर हवेला दाबून. टिप आणि कान यांच्यात फट राहिली की तो दाब फटीतून निसटतो. वरच्या सुरांना फटीचं फारसं काही वाटत नाही, ते येत राहतात. म्हणून आवाज पातळ आणि किरटा लागतो, आणि आपण म्हणतो 'बास नाही याला'. बास असतो, तो बाहेर सांडतो. ड्रायव्हर दहा मिलिमीटरचा की बाराचा हा प्रश्न त्यानंतरचा. लहान पडद्याचे पण नीट बसलेले बड्स मोठ्या पडद्याच्या सैल बड्सना आरामात मागे टाकतात.

आता हे करून बघ. एकसारखा खर्ज चालू असलेलं काहीतरी लाव आणि बड बोटाने हलकेच आत दाब. दाबल्यावर आवाज एकदम भरला, तर टिप लहान आहे. मग तोंड उघड, मीट, काहीतरी चावल्यासारखं कर. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकारही हलतो; तेव्हा बड सैल झाला तर बोलताना, जांभई देताना रोज होणार. घालण्याचीही एक रीत आहे. दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बड आत सारायचा, किंचित पिळायचा आणि मग कान सोडायचा. आणि दोन्ही कानांना एकच माप लागतं असं कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या डाव्या कानाला मोठी टिप लागते, उजव्याला मधली. हे कळायला मला अर्धं आयुष्य गेलं. काही बड्सच्या अ‍ॅपमध्ये बसणीची चाचणी असते. आतल्या माइकने ऐकून ते सांगतात की फट आहे. ती जरूर करावी. रबरी टिपा कशाच जमल्या नाहीत तर फोमच्या मिळतात, दाबून घालायच्या आणि त्या आत फुगतात. त्या लवकर झिजतात, पण ज्याचे कान कोणालाच दाद देत नाहीत त्याला उपयोगी पडतात.

बिनटिपांचे, कानात नुसते टेकणारे बड्सही तुझ्या तक्त्यात आहेत. ते हलके वाटतात, दिवसभर घातले तरी कान दुखत नाही. पण बास आणि बाहेरचा आवाज अडवणं या दोन्ही गोष्टींची त्यांच्याकडून फार अपेक्षा धरू नकोस.

नॉइज कॅन्सलेशनबद्दल तू मोठ्या श्रद्धेने लिहिलंयस. कल्पना जुनी आहे, पाउल लुएग नावाच्या जर्मन माणसाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. बाहेरचा माइक गोंगाट ऐकतो, आतलं सर्किट त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करतं. चढावर उतार बसतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पण हे गणित सगळ्या आवाजांना सारखं लागू पडत नाही. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लहर हवेत जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. ती संथ असते, तिच्यावर उलटी लहर बसवायला सवड मिळते. ५००० हर्ट्झची लहर जेमतेम सात सेंटिमीटर. तिथे थोडी चूक झाली की सगळं फसतं. म्हणून पंखा, एसी, बसचं इंजिन, विमानाची घरघर जादूसारखी विरते. पण तान्ह्याचं रडणं, भांड्यांचा खणखणाट आणि शेजारच्या टेबलावरची चर्चा बऱ्यापैकी तशीच राहते. वरच्या पट्टीचे आवाज मुख्यतः टिपच अडवते. बघ, पुन्हा टिपेवरच आलो! खोक्यावर 'इतके डेसिबल कमी' म्हणून छापलेला आकडा बहुधा त्याचा सगळ्यात चांगला क्षण असतो, दिवसभराची सरासरी नव्हे.

तुझा खरा प्रश्न वेगळाच आहे असं मला वाटतं. तू दिवसातले चार-पाच तास मीटिंगमध्ये असतोस आणि गाणी ऐकतोस संध्याकाळी, चालायला गेल्यावर. म्हणजे तुला आधी माइक बघायला हवा, आणि तुझ्या सहा रकान्यांत तो नाही. बडचा माइक कानाशी असतो आणि तोंड बरंच लांब. त्यामुळे तो तुझा आवाज उचलतो तसा पंखाही उचलतो, गाड्याही. दांडी असलेल्या बड्समध्ये माइक थोडा तोंडाच्या दिशेने खाली येतो, तेवढाच फायदा. वाऱ्यात सगळेच बड्स रडतात. ज्याला बोलण्यावर पोट भरायचं आहे त्याने तोंडापर्यंत दांडी येणारा हेडसेट घ्यावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण तू ते घालणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

यातच एक गंमत आहे. माझी दुसरी जोडी लॅपटॉपला जोडली होती, गाणं सुरेख चाललं होतं. मीटिंग सुरू झाली आणि आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा घोगरा! मी बड्स काढून झटकले, केसमध्ये ठेवले, पुन्हा घातले. तेच. दोष बड्सचा नव्हताच. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये ऐकण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी. ऐकण्याची वाट एकेरी आणि रुंद आहे. माइक चालू झाला की सगळी वाहतूक दुहेरी पण अरुंद बोळात शिरते. गाण्याच्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. या बोळात आवाजाचे ८,००० जातात, जरा नवी जोडी असेल तर १६,०००. उपाय फुकटचा आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडायचा आणि बड्स फक्त ऐकण्यासाठी ठेवायचे. बऱ्याचदा समोरच्यालाही तुझा आवाज त्यामुळे अधिक स्पष्ट जातो. २०२० च्या सुरुवातीला एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत जाहीर झाली, तिच्यात हा बोळ रुंद होतो. पण बड्स आणि समोरचं यंत्र दोघांनाही ती यायला हवी.

हाच न्याय तुझ्या लाडक्या एलडॅकला. सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाणारा कोडेक, हे खरं. पण तुझा फोन आयफोन आहे, आणि आयफोन एलडॅक बोलतच नाही, तो एएसी बोलतो. तेव्हा तो रकाना तुझ्यापुरता खोडून टाक. गेम खेळतोस का? नसशील तर आवाज मागे पडण्याची चिंताही सोड. सिनेमा दाखवणारी अ‍ॅप्स चित्र थोडं थांबवून आवाजाशी जुळवून घेतात.

ब्लूटूथ हे नाव डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या हाराल्ड राजाच्या टोपणनावावरून आलं, हे तुला माहीत असेलच. ते चिन्हही त्याच्या आद्याक्षरांच्या जुन्या रूनिक लिपीतल्या अक्षरांचं जोडाक्षर आहे. राजाने म्हणे माणसं जोडली. माझं आणि फोनचं मात्र मैदानात जुळत नसे. घरात गाणं सलग, मोकळ्या मैदानावर गेलं की तुटक-तुटक. वाटलं, बड बिघडला. कारण निघालं पाणी! ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच. घरात भिंतींवरून आपटून लहरी कानापर्यंत पोचतात. मैदानात भिंत नाही आणि मध्ये माझा देह उभा. फोन मागच्या खिशातून काढून छातीच्या खिशात ठेवला आणि भांडण मिटलं.

बॅटरीचा रकाना तू सगळ्यात ठळक केलायस आणि नेमका तोच फसवा आहे. 'एकूण ३० तास' म्हणजे केसमधून पुन्हा पुन्हा भरून घेतलेले. तू विचार, एका दमात किती, आणि तेही नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून. एका बडमधली बॅटरी फोनच्या बॅटरीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. ती रोज रिकामी होते, रोज भरते, आणि लिथियमची बॅटरी अशा काही शे फेऱ्यांनंतर थकू लागते. बहुतेक बड्स डिंकाने बंद केलेले, बॅटरी बदलायची सोय नाही. फेअरफोनने २०२४ मध्ये बॅटरी बदलता येणारे बड्स काढले, आणि युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता याव्यात असा नियम लागू व्हायचा आहे. तोवर आपण जोडी घ्यायची ती चपला घेतल्यासारखी. दोन-तीन वर्षांत तळ झिजणार. म्हणून सगळ्यात महागड्या जोडीला माझा विरोध.

दुसरी जोडी तळ झिजायच्या आधीच गेली. पँटच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये. मी म्हटलं, पाण्यापासून बचावाचं आयपीएक्स७ मानांकन आहे, एक मीटर पाण्यात अर्धा तास काढू शकतात. काढला असता, पण ती परीक्षा साध्या पाण्यातली असते, साबण आणि घुसळणीची नव्हे. शिवाय मानांकन बड्सचं होतं, केसचं नव्हतं. बड्स जगले, केस गेली, आणि केस नसली की बड्स भरायचे कुठे? तुला चालताना घाम येतो, पावसाचे चार थेंब पडतात, तेवढ्याला आयपीएक्स४ पुरे. फक्त घरी आल्यावर पुसत जा. एक बाजू हळू वाजायला लागली तर दुरुस्तीला धावण्याआधी जाळीत मळ बसलाय का बघ आणि कोरड्या मऊ ब्रशने झाड. माझी तिसरी जोडी अशीच दोनदा 'बिघडून' बरी झाली.

आणखी एक. कान गच्च बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, पावलं धपधप ऐकू येतात. चार तास बोलणाऱ्याला हे घुमणं फार छळतं. तेव्हा बाहेरचं ऐकवणारा मोड घेण्याआधी लावून बघ आणि दोन वाक्यं बोल. रस्त्यावर चालतानाही तोच लाव, पाठीमागून येणारी गाडी ऐकू येऊ दे.

आवाज किती ठेवतोस ते तू कधीच सांगत नाहीस. मागे तुझ्या शेजारी बसून मी तुझं आख्खं गाणं ऐकलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असा आहे. तीन डेसिबल वाढवलेस की वेळ निम्मी: ८३ वर वीस तास, ८६ वर दहा. फोन हा आकडा दाखवतो, आरोग्याच्या अ‍ॅपमध्ये बघ. टिप नीट बसली आणि बसमधली घरघर गेली की आवाज आपोआप कमी ठेवला जातो. नॉइज कॅन्सलेशनसाठी थोडे जास्त पैसे मोजायला मी तयार झालो तो याच कारणामुळे.

आता तुझ्या तक्त्यातल्या सहा पर्यायांवर येऊ. दुसरा आणि पाचवा खोड. एकाला एकाच मापाच्या टिप्स आहेत आणि दुसऱ्याला माइकबद्दल सगळे रडतायत. तिसरा बिनटिपांचा, तोही जाऊ दे. उरलेल्या तिघांत जो परत करता येतो तो आधी घे. चार दिवस घाल, मीटिंग कर, चाल, जांभया दे. कान दुखला तर मन न खाता परत कर.

आणि घेतल्या दिवशी मला फोन कर. बड्स लावूनच कर, पंखा फुल करून त्याच्याखाली उभा राहून. तुझा आवाज कसा येतो ते मी खरं खरं सांगेन. पहिल्यांदा 'हॅलो' ऐकू आलं नाही, तर मी फोन ठेवणार नाही. तू फक्त डाव्या कानाची टिप बदल आणि माइक लॅपटॉपवर नाही ना, ते बघ.

तुझा,
तीन जोड्यांचा अनुभवी