त्या दोन पोटांच्या चित्राबद्दल, डॉक्टर

डॉक्टरसाहेब,

टाके निघाले. लेक आता पोटभर जेवते आणि जेवण झाल्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहत नाही. ते पाहिलं की अजूनही मला आवंढा येतो. तुमच्यासमोर उभा होतो तेव्हा शब्दच फुटले नाहीत, म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

तुमच्याकडे येईपर्यंत तिच्या दुखण्याला बरीच नावं मिळाली होती. ॲसिडिटी. परीक्षेचं टेन्शन. 'वयच तसं असतं.' एका मोठ्या डॉक्टरांनी तर तिच्यादेखत मला सांगितलं, "नाटकं करते पोरगी, लक्ष देऊ नका." उलटी हिरवी होते, असं ती सांगायची, कुणी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. आजार दुर्मीळ, तो ओळखता आला नाही म्हणून माझा कुणावर राग नाही. स्वतःला कळलं नाही त्याचं खापर पोरीच्या माथी फोडलं, राग त्याचा आहे. (आमचे नातेवाईकही यात मागे नव्हते.)

तुम्ही स्टूल ओढलंत ते तिच्याजवळ. प्रश्न विचारलेत तेही तिलाच.

तपासण्यांचं रामायण इथे सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते त्या चित्राबद्दल. सीटी स्कॅनच्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही दोन पोटं काढलीत. पेन उमटेना, तर कोपऱ्यात गिरगटून ते चालू केलंत. एक पोट चारचौघांसारखं, दुसरं हिचं. गर्भात आतडी काही आठवडे नाळेत असतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परततात. या सगळ्यात ती २७० अंशांत वळतात. हिची मध्येच थांबली. म्हणून लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे, अपेंडिक्सही डावीकडेच. आतड्यांचा देठ अरुंद राहिल्यामुळे दोरीला बसावा तसा पीळ बसायचा आणि आपोआप सुटायचा.

"पीळ बसला की दुखणार, सुटला की तपासणीत फारसं काही सापडणार नाही," तुम्ही तिला म्हणालात. "तू खरंच सांगत होतीस."

ऑपरेशन तुम्ही उत्तम केलंत, पण माझी पोर बरी व्हायला सुरुवात झाली ती या वाक्यापासून.

नंतर राउंडला आलात तेव्हा तेच पाकीट मागून घेतलंत. लॅड या सर्जनने १९३६ साली मांडलेली ही शस्त्रक्रिया, तिच्यात आतडी 'जागेवर' आणत नाहीत, हे तेव्हा कळलं. उजवीकडची उजवीकडेच राहू देतात. आतड्याला दाबणारे पडदे कापतात, देठ रुंद करतात. अपेंडिक्स चांगलं असूनही काढलंत, कारण उद्या ते डाव्या बाजूला दुखलं असतं तर ओळखणार कोण? चित्रातल्या अपेंडिक्सवर फुली मारलीत, खाली सही-तारीख घातलीत. "कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी आधी हे दाखवायचं."

आता ती ते डॉक्टरांनाच काय, घरी येईल त्यालाही दाखवते. परवा नाटकं म्हणणाऱ्या आत्यालाही समोर बसवून दोन्ही पोटं समजावून सांगितली.

रात्रपाळीच्या त्या सिस्टरनाही आमचा नमस्कार सांगा. सलाईन बदलायला यायच्या तेव्हा आधी तिला हळूच हाक मारायच्या, मगच हाताला हात लावायच्या. एवढं करायला कितीसा वेळ लागतो? तरी ते करणारी माणसं इतकी थोडी का भेटतात, कोण जाणे.

पुढच्या तपासणीला ती एकटीच येणार म्हणते. तिच्याकडे प्रश्नांची भली मोठी यादी तयार आहे, तेवढा वेळ राखून ठेवा.

आपला ऋणी,
तिचा बाबा