तळतळाट लिहून घ्या, उताराही काढा

महोदय,

खानापूर, निपाणीकडं पडक्या वाड्याची चौकशी केली की उत्तर ठरलेलं: "विधवेचा तळतळाट लागला, दिवा लावायला कोणी उरलं नाही." आयर्लंडच्या खेड्यांतही जमीनदारांबद्दल हेच ऐकू येतं. घराबाहेर काढलेल्या विधवेनं शाप दिला आणि वंश बुडाला. शिवाय पत्त्यांच्या डावाची गोष्ट आहेच. खाली पडलेलं पान उचलायला कोणी वाकलं, तर टेबलाखाली पाहुण्याच्या पायाला खूर, म्हणजे पाहुणा सैतानच!

पण त्यांनी हे लिहून ठेवलं. १९३७ ते १९३९ दरम्यान तिथल्या लोकसाहित्य आयोगानं सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना कामाला लावलं. मुलांनी घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून वहीत उतरवलं आणि सांगणाऱ्याचं नाव-गावही टिपलं. निवडक मजकूर मग शाळेच्या मोठ्या वहीत गेला.

आपल्या मराठी-कन्नड शाळांना हे सहज जमेल. मात्र ऐकलेल्या गोष्टीशेजारी जमिनीचा, कायद्याचा कागदही हवा. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाटा कुजला, खंड थकला, आणि चार पौंडांखालच्या आकारणीच्या कुळांचा गरीब-कर (गरिबांना पोसण्यासाठीचा कर) जमीनदाराच्याच बोडक्यावर बसला. म्हणून कुळं हुसकावण्याचा सपाटा लागला. १८४९ च्या कायद्यानं कर्जात बुडालेल्या जमिनी विक्रीला निघाल्या. १९०३ च्या कायद्यात तर कुळांना साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यानं जमीन मिळाली, आणि विकणाऱ्या जमीनदाराला किमतीवर १२ टक्के बोनस. शाप लागलेले बरेच जण रोकड मोजून घेऊन गेले!

आपल्याकडं 'निर्वंश झाला' ऐकलं की दत्तकाचं विचारा. कित्तूरला १८२४ मध्ये वारस होता, पण कंपनीनं दत्तक मानला नाही. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशननं इनाम जमिनींच्या सनदा तपासल्या, १९५० च्या कायद्यानं परगणा व कुलकर्णी वतनं गेली, १९५२ च्या कायद्यानं व्यक्तिगत इनामं.

मोठा घोटाळा 'कुळकायदा' या शब्दात होतो. म्हातारी माणसं १९४८ च्या मुंबई कायद्यालाही तेच म्हणतात आणि १ मार्च १९७४ च्या कर्नाटकातल्या जमीन सुधारणा कायद्याच्या दुरुस्तीलाही. त्यात कागल-गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडून ऐकलेला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे महाराष्ट्रात कसणाऱ्या कुळाला मालक मानलं तो दिवस, मिसळतो. साल विचारू नका, कुणाला आठवत नाही. "सात नंबरचा फॉर्म भरला होता का? ट्रिब्युनलपुढं उभं राहिलात का?" असं विचारा. कुळानं जमिनीवर हक्क मागायचा हा फॉर्म आणि तो तपासणारं ट्रिब्युनल, दोन्ही १९७४ च्या दुरुस्तीतले. म्हणून हो म्हणाले तर गोष्ट १९७४ नंतरची. फॉर्मची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली होती. ट्रिब्युनलपुढं वकिलाला मज्जाव होता, त्यामुळं कुळाला स्वतःच तोंड उघडावं लागलं. ते बोलणं घराघरांत अजून शब्दशः सांगतात. तेच आधी टिपा. मग जमिनीच्या उताऱ्यावर कसणाऱ्याचा रकाना पाहा. तिथं कुळाऐवजी वाडेवाल्याच्याच भाच्याचं नाव निघालं, तर भांडणाचं मूळ तिथंच.

"जमीनदार वाईट होता का?" असा प्रश्न मुलांना देऊ नये, त्याला हो-नाहीपलीकडं उत्तर येत नाही. खंडाचं भात कुणाच्या मापानं मोजायचे, शीग लावून की सपाट, हे विचारलं की म्हातारा खाट सोडून उठतो आणि हातानं माप दाखवतो.

— एक वाचक, खानापूर