आळिवाची पुडी

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी रत्नागिरीला सुखरूप पोचले. बॅग अजून तशीच दारात आहे. विमानतळावर तुला शब्द दिला होता, पायऱ्यांचा विषय परत काढणार नाही म्हणून. नाही काढत.

तो शनिवार मात्र डोळ्यांपुढून हलत नाही गं. कुठं वेळेवर पोचायचं नाही, काही नाही, नुसतं बिल्बाओभर भटकायचं. नदीकाठच्या रिबेरा बाजारात बर्फावर रचलेली मासळी बघून माझा पाय निघेना. कुपा ओळखला की नाही मी लांबूनच! तू त्या मासेवालीशी घडाघडा स्पॅनिश बोललीस आणि निघताना त्यांच्या बास्क भाषेत ‘एस्केरिक आस्को’, म्हणजे धन्यवाद, म्हणालीस, तेव्हा तिचा चेहरा कसा खुलला. शाळेत बाई नाव विचारायच्या तर फ्रॉकचं टोक चावत उभी राहायचीस तू. मला तिथंच भरून आलं, तुला दिसू दिलं नाही.

आणि ते पिल-पिल. मातीच्या पसरट भांड्यात तेल, लसूण, मिरची आणि तो खारवलेला कॉड. त्या माणसानं दोन्ही हातांनी भांडं धरून नुसतं गोल गोल हलवत ठेवलं. ना पीठ, ना अंडं. माशाच्या कातडीतला चीक सुटत गेला आणि बघता बघता तेलाचं पांढरट, दाट कालवण झालं. मासा आधी दीड-दोन दिवस पाणी बदलून बदलून भिजवतात म्हणालीस, तेव्हा मला तुझी आजी आठवली. पावसाच्या बेगमीची खारी मासळी ती अशीच रात्रभर भिजत घालायची आणि पहाटे उठून पाणी बदलायची. तिच्या हाताला तो वास कायम असायचा. तुला आठवतो का? जुन्या गावातली पुराची खूण दाखवलीस, २६ ऑगस्ट १९८३ ची, तेव्हाही मी गप्प झाले ती चिपळूणच्या आठवणीनं. २०२१ च्या जुलैत मामाच्या माळ्यावर काढलेली ती रात्र.

तर पायऱ्या. उनामुनो चौकातून बेगोन्याच्या चर्चकडं चढणाऱ्या तीनशेच्या वर पायऱ्या. साठी ओलांडलेली मी पुढं, आणि तू मागं कठडा धरून उभी. ओठ पांढरेफटक. वर म्हणतेस, ‘काही नाही गं.’ नंदूआत्याही ‘काही नाही, काही नाही’ म्हणतच राहिली होती.

प्लाझा नुएवाच्या कमानींखाली सगळे उभ्यानं पिंचो खात होते, पावाच्या चकतीवर अँचोव्ही काय, मिरची काय. मीही खाल्ले, आवडले. पण चार माणसांत हसतखेळत उभ्यानं खाणं वेगळं आणि रात्री साडेनऊला प्रयोगशाळेतून येऊन ओट्याशी उभं राहून कोरडा पाव चावणं वेगळं. पंधरा दिवस बघितलं मी. तुझ्या घरात ताटं दोन आहेत, त्यातलं एक तर कागदातून काढलंही नव्हतंस. बसून जेवावं, गरम जेवावं, डाळ-भात लावायला वीस मिनिटं लागतात, पालक तिथं ढिगानं मिळतो, आणि

लागले बघ परत. चुकलं. चढावर त्या पोरीसमोर तुझ्यावर ओरडले, तेही चुकलं. ती बिचारी पाण्याची बाटली घेऊन नुसती बघत राहिली. तिला सांग, काकूंचा आवाजच मोठा आहे, मनात काही नाही.

तू एवढ्या लांब एकटीनं सगळं उभं केलंस याचा अभिमान मी इथं दहा जणांना सांगते. तुझे बाबा असते तर अकराव्याला त्यांनीच सांगितलं असतं. पण रात्री डोळा लागायच्या आत तो कठडा आणि त्यावरचा तुझा हात दिसतो.

रक्त तपासून घे. हिमोग्लोबिनचा आकडा तेवढा कळव, पुढं एक शब्द विचारणार नाही.

तुझी,
आई

ता. क. मसाल्याच्या डब्यामागं आळिवाची पुडी ठेवून आले आहे. ओलं खोबरं नसलं तर दुधात भिजव. आणि ते दुसरं ताट मी घासून वर काढून ठेवलंय.