मागची बाजू आधी ऐक

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

ग्लासगोत राहून तिथल्या जुन्या इंडी सिंगल्स (छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या लहान रेकॉर्ड, पुढच्या बाजूला मुख्य गाणं आणि मागे दुसरं) शोधायच्या म्हणतेस, तर सुरुवात पोस्टकार्ड रेकॉर्ड्सपासून कर. ॲलन हॉर्नने हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या घरातून चालवलं. रेकॉर्डवर ढोल वाजवणारं मांजर दिसलं की समजायचं, ही पोस्टकार्डची. नंबरही सरळ आहेत: ८०-१ म्हणजे १९८० सालची पहिली. ती ऑरेंज ज्यूस या बँडची 'फॉलिंग अँड लाफिंग'. १९८१ संपेपर्यंत लेबलचं कामच थांबलं.

'फॉलिंग अँड लाफिंग' पुढे १९८२ च्या अल्बमसाठी पुन्हा रेकॉर्ड झालं आणि बहुतेक लोक तेच ऐकतात. चाल तीच, पण सगळं घासूनपुसून ठेवलेलं. सिंगलवर बास डिस्कोसारखा धावतो, त्याच्यावर गिटार खरखरते आणि गायक एडविन कॉलिन्सचा आवाज सुराच्या कडेकडेने जातो. त्या ओढाताणीतच गाण्याचा जीव आहे. मूळ सिंगलच्या प्रती हजाराच्या आत निघाल्या होत्या, त्यामुळे तिच्यामागे पैसे घालवू नकोस. 'द ग्लासगो स्कूल' या २००५ च्या संग्रहात ऑरेंज ज्यूसची पोस्टकार्डची रेकॉर्डिंग्ज आहेत.

अ‍ॅझ्टेक कॅमेरा या बँडच्या 'जस्ट लाइक गोल्ड'ची (८१-३) मात्र आधी मागची बाजू लाव. 'वी कुड सेंड लेटर्स' तिथे आहे. हेही १९८३ च्या अल्बमसाठी पुन्हा रेकॉर्ड झालं, पण बँडचा गायक, ईस्ट किलब्राइडचा रॉडी फ्रेम, याचा सतराव्या वर्षाचा आवाज या पहिल्या रेकॉर्डिंगमध्येच सापडतो. मागची बाजू सोडायची नाही हा नियमच कर. एडिंबराच्या फायर इंजिन्स या बँडच्या 'कँडीस्किन'वर (१९८१) चक्क व्हायोलिनं आहेत. उलटवलीस की 'मीट व्हिपलॅश', नुसती धारदार गिटार. ईस्ट किलब्राइडच्या एका बँडने पुढे आपलं नावच त्या मागच्या गाण्यावरून घेतलं.

स्ट्रॉबेरी स्विचब्लेड या बँडची 'ट्रीज अँड फ्लॉवर्स' (१९८३) सर्वांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. घराबाहेर पडण्याच्या भीतीवरचं हे गाणं आहे. त्यांच्या १९८५ च्या अल्बममध्ये ते नाही, म्हणून अल्बमवरून बँड ओळखणाऱ्यांच्या हाती ते लागतच नाही. नंतरची सिंथेसायझरची चमक इथे नाही. गिटार, हलके ड्रम आणि मधूनच ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर. १९८६ ची शॉप असिस्टंट्स या बँडची 'सेफ्टी नेट' ही फिफ्टी थर्ड अँड थर्ड लेबलची पहिली सिंगल. तिथे गिटारच्या गोंगाटाखालून येणारा शांत आवाज ऐकायचा असतो, म्हणून आवाज थोडा मोठा ठेव.

आता खरेदी. किंग्ज कोर्टमधलं मोनोरेल हे दुकान बघ. द पास्टल्स या बँडचा स्टीफन पास्टल त्याच्या संस्थापकांपैकी आहे. जुनी रेकॉर्ड घेताना दिव्याखाली तिरकी धर. नुसते केसासारखे ओरखडे चालतात. नखाला लागणारा ओरखडा दर फेरीला टकटक करतो. कव्हरवरचा आणि मधल्या कागदी लेबलवरचा नंबर ताडून पाहा, कारण कव्हरं अदलाबदल होतात. शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला नंबरही वाच. मधलं भोक किंचित सरकलेलं असेल तर सूर वरखाली झुलतो. पंचेचाळीसच्या वेगाला एक फेरी सुमारे १.३ सेकंदांची, आणि झुलणंही तेवढ्याच अंतराने येत असेल तर दोष भोकाचाच. सुई बदलून काही होणार नाही.

सुईचा दाब कार्ट्रिजबरोबरच्या (सुई ज्यात बसते त्या भागाबरोबरच्या) कागदावर लिहिलेला असतो, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. रेकॉर्ड वाचावी म्हणून तो कमी करू नकोस. हलकी सुई रेकॉर्डवरच्या चरात उड्या मारते आणि चराच्या भिंती खरवडते. 'फॉलिंग अँड लाफिंग'बरोबर मिळायची तशी फ्लेक्सी डिस्क (पातळ, वाकणारी रेकॉर्ड) हाती आली, तर ती एखाद्या सपाट मोठ्या रेकॉर्डवर ठेव आणि मध्याजवळ एक छोटं नाणं ठेव, नाहीतर ती घसरते. नाणं सुईच्या वाटेत येत नाही ना, हे आधी हाताने फिरवून बघ.

धुवायला डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड. चरांच्या दिशेने गोल पुसायचं, आडवं नाही, आणि मधला कागद कोरडा राहिला पाहिजे. मऊ पीव्हीसीची पाकिटं आतून चिकटली की रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतात, ती फेकून दे आणि पॉलिथीनची घे. सुट्टीत येताना काही आणलंस तर रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, वेगळ्या पाकिटात ठेव. प्रवासात तिची कडा कागद फाडते. इकडे पावसाळ्यात त्या कागदाला बुरशी धरते, तेव्हा कपाटात उभ्याच ठेवू, भिंतीपासून चार बोटं दूर.

'ट्रीज अँड फ्लॉवर्स' मिळाली की कळव.

तुझे
बाबा