डिकीचे लिटर नकोत, सेंटीमीटर द्या

संपादक महोदय,

नवीन गाडी आली की तुमच्या पेपरात अर्धं पान रिव्ह्यू येतो आणि तो मी वाचतोच, पण डिकीबद्दल त्यात एकच गोष्ट असते, इतके लिटर. ज्या घरात आधी माणूस गाडीत बसवायचा आणि मग त्याची व्हीलचेअर डिकीत चढवायची असते त्यांना या आकड्याचा काडीचा उपयोग नाही. मुळात हे लिटर मोजतात कसे, तर २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एकेक लिटरचे ठोकळे डिकीत कानाकोपऱ्यात बसवत जायचे आणि शेवटी किती मावले ते मोजायचं. आता ठोकळे काय, चाकांवरच्या उंचवट्याशेजारच्या सांदीतही जातात, पण व्हीलचेअर ही एकच अख्खी आडमुठी वस्तू आहे, तिचे तुकडे करून थोडीच भरता येतात!

घडी केलेली साधी खुर्ची ३० सेंटीमीटरच्या आसपास जाड होते, पण उंची ९० च्या आसपास तशीच राहते, आणि लांबी फुटरेस्टसकट मीटरभर, काढले तर ८० पर्यंत येते. म्हणजे छोट्या हॅचबॅकमध्ये ती आडवी झोपवायला गेलं तर मागच्या सीटला अडते, उभी ठेवली तर वरचा पार्सल ट्रे काढून घरी ठेवावा लागतो. सेडानची तर वेगळीच गंमत, आत जागा ऐसपैस पण तोंड एवढंसं, खुर्ची तिरकी करून घालताना हँडल अडकतं नाहीतर चाक बंपरला घासतं. आणि गॅसची मोठी टाकी डिकीतच असली की विषय संपला.

दुसरं म्हणजे उचलणं. स्टीलची खुर्ची १५ ते २० किलो भरते, अ‍ॅल्युमिनियमची थोडी हलकी. ती रोज उचलणारं माणूस बहुतेक वेळा स्वतःच साठीच्या पुढचं असतं, बायको किंवा नवरा, त्यामुळे डिकीचा काठ जमिनीपासून किती उंच आहे आणि काठ ओलांडून आत किती खोल वाकायला लागतं हे त्या कमरेच्या दृष्टीने लिटरपेक्षा हजारपट महत्त्वाचं आहे. झटकन निघणारी चाकं असतील तर वजन दोन-तीन खेपांत वाटता येतं, पण ती सगळ्याच खुर्च्यांना नसतात.

आणि माणूस? खुर्चीची सीट साधारण ५० सेंटीमीटर उंच असते, गाडीची सीट त्याच्या आसपास असली की सरकून बसता येतं. फार खाली असली तर बसणं जमतं पण उठवताना दोघांची दमछाक होते, आणि उंच एसयूव्हीत तर चढवायचं कसं हाच प्रश्न, तरी लोक सल्ला देतात की मोठी गाडी घ्या, सोयीची पडेल. दार किती उघडतं, खालची चौकट किती रुंद आहे, याबद्दल कुठेच अक्षर नसतं.

एका शोरूममध्ये आम्ही आमची खुर्ची घेऊनच गेलो तर सेल्समन म्हणाला, अहो काका डिकी मोठी आहे, आरामात बसेल. मी म्हटलं बसवून दाखव. बसली, पण मागची अर्धी सीट पाडून, आणि खुर्ची तशी मोकळी ठेवली तर जोरात ब्रेक दाबल्यावर ती पुढे येऊन कोणाच्या डोक्यात बसेल, त्यामुळे पट्ट्याने बांधायला हूक कुठे आहे ते विचारलं तर तो ब्रोशर चाळायला लागला.

तेव्हा विनंती एवढीच की रिव्ह्यू करणाऱ्यांनी एक मेजरटेप आणि एक घडीची व्हीलचेअर सोबत न्यावी. डिकीच्या तोंडाची रुंदी, काठाची उंची, आतली लांबी, सीटची उंची, चार आकडे आणि खुर्ची आत ठेवलेला एक फोटो. सनरूफचा फोटो थोडा लहान छापला तरी आमची तक्रार नाही.

आपला,
एक नियमित वाचक